म्हैस व्याली की येते

पुनमच्या गावात भूत नव्हतं, आणि त्याची तिला लाज वाटायची वेळ आली होती.

त्याला कारण हरीश सर. वसमतच्या कॉलेजात इंग्रजीच्या एम.ए.ला पटावर पोरं पुष्कळ, पण तासाला बसणारी बोटावर मोजण्याइतकी. सर तासिका तत्त्वावर शिकवायचे, नांदेडहून एसटीनं यायचे. बसनं अंग खिळखिळं करून सोडलं तरी वर्गात पाय ठेवला की त्यांची कळी खुलायची. सध्या ते गॉथिक आणि जादुई वास्तववाद या दोघांच्या मागे हात धुऊन लागले होते.

"गॉथिकमध्ये एक घर असतं," सर सांगत. "घरात कोणीतरी मेलेलं असतं, आणि ते मेलेलं माणूस तिथून हलायला तयार नसतं. वाचणाऱ्याच्या अंगावर काटा आला पाहिजे. जादुई वास्तववादातही अशक्य गोष्ट घडते, पण तिथं कोणी घाबरत नाही. म्हैस उडाली तर लोक विचारतात, दूध किती देते?"

पोरं हसली. सरांनी लगेच गृहपाठ दिला. आपापल्या गावातून एक एक उदाहरण आणा, पुस्तकातलं नको.

पुढच्या तासाला भुतांचा बाजार भरला. सेनगावकडच्या तांड्यावरचा विकास राठोड म्हणाला, "सर, आमच्या तांड्यात तीन भुतं आहेत. एकाचं तर मतदार यादीत अजून नाव आहे." प्रतिक्षानं बंद पडलेल्या जिनिंगमधली पांढरी बाई आणली. "कापूस असंल," विकास म्हणाला, आणि त्या बिचाऱ्या बाईचा तिथंच निकाल लागला.

पुनमची पाळी आली तशी ती उठून उभी राहिली आणि खरं ते सांगून मोकळी झाली. "सर, आमच्याकडं काहीच नाही. जुनी हिवरवाडी सिद्धेश्वरच्या धरणात गेली. मग वर माळावर नवी बसवली. सरळ रस्ते, सारखे प्लॉट. भुताला लपायलासुद्धा जागा नाही."

ती काही लपवत नव्हती. आपल्या दारातलं झाड किती उंच आहे हे आपण कधी मोजलेलं नसतं, त्यातली गत.

जानेवारीत पुनमच्या वडिलांनी, भागवतनं, वर्गाला हुरड्याला बोलावलं. जीप भरून मंडळी आली. आधी घरी चहा, मग शेतात जायचं असा बेत होता. चहा होईपर्यंत सरांना कोणाचा तरी फोन आला. माळावर रेंज जरा लाजाळूच. सर फोन कानाला लावून, रेंज शोधत शोधत, घरामागच्या मोकळ्या जागेकडं निघाले.

"सर, भिंत!" पुनम ओरडली.

सर जागच्या जागी थबकले. हात पुढं करून त्यांनी चाचपलं. हाताला हवा लागली. समोर भिंत नव्हती, पाठीमागंही नव्हती. होती ती मोकळी, शेणानं सारवल्यासारखी स्वच्छ जागा, एका कोपऱ्यात नळ आणि दुसऱ्या कोपऱ्यात जनावर बांधायचा खुंटा.

"कुठंय भिंत?"

"तुम्ही ओलांडली, सर," पुनम ओशाळून म्हणाली. "आता तुम्ही सैपाकघरात उभे आहात. चपला तेवढ्या काढा."

सरांनी चपला काढल्या. शिकलेला माणूस, पण थंडीत अनवाणी, हातात चपला घेऊन, नसलेल्या दारातून तो वाकून बाहेर आला. वाकायला कोणी सांगितलं नव्हतं. विकासला हसू आवरेना, आणि पुनमला पहिल्यांदाच कळेना की यात हसण्यासारखं काय आहे.

मग सरांनी फोन खिशात घातला आणि चहा विसरून प्रश्नांची सरबत्ती लावली. घर कोणाचं? पद्माबाईचं. कधी पडलं? पडलं नाही, बांधलंच नाही. मग पद्माबाई राहते कुठं? ती यायचीय अजून. कुठून? जुन्या गावाहून.

"जुनं गाव तर धरणात गेलं ना?"

"व्हय, सर."

पुनमनं मग जे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं ते सांगितलं. धरणाचं पाणी चढायच्या आधी गाव हललं, तेव्हा पद्माबाईची म्हैस गाभण होती. नवरा आधीच वारलेला. तिनं आपल्या लेकीला, सखूला, गाडीत बसवून गावाबरोबर पुढं धाडलं. म्हणाली, तुमी व्हा पुढं, म्हैस व्याली की येते. तिच्या नावचा प्लॉट राखून ठेवला. सखू आता सत्तरीची आहे आणि प्लॉटला लागूनच राहते. सगळं गाव तिला सखुआत्या म्हणतं. ती रोज सकाळी आईच्या अंगणात सडा टाकते. संक्रांतीला बायका त्या उंबऱ्यावर वाण ठेवतात. पोरं चेंडू आत गेला तर दारातूनच आत जातात. सिमेंटचा रस्ता आला तेव्हा तो प्लॉटपाशी वळवला, आणि घरोघरी नळ आले तेव्हा पद्माबाईलाही एक मिळाला. खुंटा कुजला की भागवत नवा रोवतो, म्हैस येणार म्हटल्यावर बांधायला काहीतरी पाहिजे.

"आणि तू वर्गात सांगितलंस, आमच्याकडं काहीच नाही!" सरांनी कपाळावर हात मारून घेतला.

त्या दिवशी हुरडा कसा झाला हे सरांना आठवणार नाही. ते शेंगदाण्याची चटणी गुळाला लावून खात होते. जीपमध्ये बसता बसता त्यांनी पुनमला सांगितलं, पुढच्या महिन्यात नांदेडला चर्चासत्र आहे, त्यात तू यावर निबंध वाचायचा. पुनमला आभाळ ठेंगणं झालं. आजवर तिच्या कुठल्या गोष्टीला कोणी चर्चासत्रात वाचण्याजोगी म्हटलं नव्हतं.

"पण एक विचारून ये," सर म्हणाले. "त्या बाईचं झालं काय? मेली असेल तर हे गॉथिक. येणार असेल तर जादुई वास्तववाद. अधांतरी ठेवू नको, परीक्षक धरतील."

पुनमनं त्याच संध्याकाळी गोठ्यात वडिलांना विचारलं. भागवत धार काढत होता. त्याचे हात थांबले, म्हशीनं मान वळवून पाहिलं.

"काहून विचारून राहिलीस?"

"कॉलेजात लिहायचंय."

भागवतनं आधी बाहेर डोकावून पाहिलं. मग आवाज खाली आणून सांगितलं. "मेली ती. गाव हललं त्याच आठवड्यात. गोठ्यात पान लागलं, साप डसला. तुझा पणजा तातेराव आन् आणखी चार माणसं तिला आणायला गेले होते गाडी घेऊन. त्यांनीच नदीकाठी अग्नी दिला. वापस आले तर हे लेकरू गाडीजवळ उभं. आई कुठं हाय म्हणून इचारलं. कोणाची जीभ उचलंना. मग तातेराव बोलून गेला, म्हैस व्याली न्हाई अजून."

"आणि मग?"

"मग काय. लेकरू रोज रडायचं. तातेरावानं पांढऱ्या फक्कीनं रेघा मारल्या, म्हणाला, हे तुझ्या आईचं दार, ही चूल, आमी कोणी याच्यावर पाय देणार न्हाई. आज सांगू, उद्या सांगू करता करता ऱ्हाऊन गेलं. लग्नसुद्धा मुद्दाम गावातच लावलं तिचं, बाहेर कोणी बोललं तर काय घ्या."

"बाबा, सखुआत्या सत्तरीची आहे. तिला कळालं नसंल का?"

"न्हाई," भागवत ठामपणे म्हणाला. "कळालं असतं तर रोज सडा टाकला असता का? आता या वयात तिला कळालं तर सोसायची न्हाई. तू कुठं बोलू नको, तुला माझ्या गळ्याची आण."

एवढं सांगून तो पुन्हा धारेला बसला. गावातल्या मोठ्या माणसांचा हिशेब असा होता, आणि त्यांना त्यात काही खोट दिसत नव्हती.

पुनम लिहायला बसली. सरांची अट पुरी झाली होती, बाई मेली होती, म्हणजे हे गॉथिक. इंग्रजीत लिहिताना तर आणखी सोपं. त्या भाषेत हिवरवाडीतलं कोणी नव्हतं, त्यामुळं कोणाला काही लागणार नव्हतं. तिनं धुकं घातलं, माळावरचा वारा घातला, रिकाम्या घरातून येणारा भाकरी थापल्याचा आवाजही घातला. तो आवाज कोणी कधी ऐकला नव्हता, पण गॉथिकला लागतो म्हणून घेतला.

दुपारी ती ओसरीवर लिहीत असताना सखुआत्या आली. बारीक अंगाची, गुडघ्यावर हात ठेवून चालणारी बाई. टेकून बसली आणि म्हणाली, "तुझे सर आमच्या सैपाकघरात चपला घालून गेले म्हणं."

"काढल्या नंतर, आत्या."

"मग बराबर. काय लिहून राहिलीस?"

"आपल्या गावाबद्दल."

"वाच की मग. आमालाबी कळू दे."

पुनमनं टाळाटाळ केली, इंग्रजी आहे म्हणाली. सखुआत्या म्हणाली, मग मराठीत सांग, तेवढ्यासाठीच शिकवलं ना तुला. आता नाही म्हणावं तर संशय, वाचावं तर पंचाईत. पुनमनं सांभाळून सांभाळून सांगायचं ठरवलं. धुकं सांगितलं, वारा सांगितला. आत्या मान हलवत होती. पण कागदावरची भाषा एकीकडं आणि तोंडातली दुसरीकडं, मधे दम धरायला वेळ मिळाला नाही, आणि पुढचं वाक्य जसं होतं तसं बाहेर पडलं. "आणि माळावर उभं आहे एका मेलेल्या बाईचं घर."

पुनमनं जीभ चावली. उशीर झाला होता.

"कोण मेलेली बाई?" सखुआत्या ताडकन उठली. तिचा आवाज चढला, पार गोठ्यापर्यंत गेला. "आं? कोणी सांगितलं तुला मेली म्हणून? माझी माय यायचीय अजून!"

गोठ्याच्या दारात भागवत वैरणीची पेंढी घेऊन उभा होता. पेंढी तशीच हातात राहिली. सखुआत्या गुडघ्यावर हात ठेवून, कोणाकडं न पाहता, निघून गेली.

भागवत पुनमवर रागावला नाही. रात्रीची भाकरी मात्र अर्धी टाकून उठला. पुनमला वाटलं, यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पद्माबाईच्या अंगणात सडा पडला नाही.

असं कधी झालं नव्हतं. सखुआत्या बाळंतीण होती तेव्हा तिच्या सासूनं टाकला होता, नवरा वारला तेव्हा शेजारणीनं. बायका पाण्याच्या कळश्या घेऊन तिथं थबकत, कोरड्या अंगणाकडं पाहत आणि मग पुनमच्या घराकडं. शेजारच्या निर्मलाबाईनं रोजची ताकाची हाक मारली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही अंगण कोरडंच. गावानं एवढी वर्षं एका लेकराला तळहाताच्या फोडासारखं जपलं आणि शेवटी ते आपल्या हातून मोडलं, या विचारानं पुनमला जेवण जाईना. तिनं निबंध फाडला. चर्चासत्र गेलं खड्ड्यात. तिला फक्त तो सडा परत पाहिजे होता.

शेवटी दुपारच्या उन्हात, भागवत शेतात गेलेला पाहून, ती माफी मागायला निघाली. सखुआत्या घरी नव्हती. प्लॉटमध्ये होती. खुंट्याजवळ उन्हाला बसली होती, पायात चपला होत्या, आणि बसली होती ती बरोबर भिंतीच्या जागी. सवयीनं पुनम दाराकडून वळसा घालून आत गेली.

"सरळ ये ना," सखुआत्या म्हणाली. "कुठं हाय भिंत?"

पुनम तिच्या पुढ्यात बसली आणि रडायलाच लागली. "आत्या, चुकलं माझं. मी उगाच लिहिलं. तसं काही नाही."

"तसंच हाय," सखुआत्या म्हणाली. "गोठ्यात पान लागलं तिला. मला काय ठाऊक न्हाई का?"

पुनमचं रडू जागीच थांबलं.

"न्हाण आलं नव्हतं मला अजून, तवाची गोष्ट. औंढ्याच्या बाजारात माझी मावशी भेटली. गळ्यात पडून रडली. तिला वाटलं मला ठाऊक हाय. मीबी रडले. काय करता?"

"मग गावात सांगितलं का नाही कोणाला?"

सखुआत्यानं खुंट्यावर हात ठेवला. "बाजारातून घरी आले तर तुझा पणजा इथं हा खुंटा रोवून राहिला होता. भर उन्हात, घामानं डबडबलेला. मला पाहून म्हणाला, सखे, तुझी माय म्हैस घेऊन आली तर बांधायला पाहिजे ना काही. आता त्या म्हाताऱ्याला काय म्हणू? काहून उगी राबून राहिलात, मेली ती, असं म्हणू?"

"मग काय म्हणालात?"

"म्हणलं, आजा, जरा सावलीला रोवा."

डोळे तिनं पुसले नाहीत, वाहू दिले. "सगळं गाव माझ्यासाठी भिताडं धरून उभं होतं, पोरी. पुरणाची पोळी केली की पहिली या उंबऱ्यावर. कोणत्या तोंडानं सांगू, की बास करा आता? त्यायनी मला आई दिली होती, जशी जमली तशी. मग मी सडा टाकत गेले. त्यायला बरं वाटायचं."

"मग परवा एवढ्या मोठ्यानं का ओरडलात?"

"तुझा बाप गोठ्यात होता ना! त्यानं ऐकलं असतं आन् मी गप बसले असते, तर त्याला कळालं असतं की मला ठाऊक हाय. भोळा हाय भागवत. त्याला वाटतं मी सोसणार न्हाई. त्यालाच सोसायचं न्हाई."

पुनमला हसावं की रडावं कळेना. गाव आत्याला जपत होतं, आत्या गावाला जपत होती, आणि मधे ही नसलेली भिंत दोन्ही बाजूंनी सारवली जात होती. तिला तातेरावाची आठवण आली, जो तिनं कधी पाहिलाच नव्हता, आणि त्याच्यावर तिचा फार जीव जडला.

"पण आत्या, सडा का बंद केला मग? गाव पार हबकून गेलंय."

"बंद केला?" सखुआत्या चकित झाली. "अगं, थंडी केवढी पडलीय. गुडघे धरलेत माझे. बादली उचलंना. उन्हात बसून शेकून राहिले इथं."

मग दोघी हसल्या, आणि बराच वेळ हसल्या. उठताना सखुआत्यानं पुनमच्या खांद्याचा आधार घेतला आणि हात तिथंच ठेवून बजावलं, "बापाला बोलू नको. तुला माझी आण हाय."

दोन बाजूंनी दोन शपथा. पुनमनं दोन्ही पत्करल्या.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना तिनं शेणपाण्याची बादली घेतली, दाराशी चपला काढल्या आणि पद्माबाईच्या अंगणात सडा टाकायला सुरुवात केली. पाणी बर्फासारखं होतं. भागवत दुधाची किटली घेऊन रस्त्यानं आला आणि तिला पाहून थांबला.

"आत्या?" त्यानं भीत भीत विचारलं.

"गुडघे धरलेत तिचे थंडीनं. मला म्हणाली, तू टाक. आईला यायला आन् अंगण कोरडं दिसायला एक गाठ नको पडायला."

भागवतनं किटली खाली ठेवली. धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं, थंडीत घाम आल्यासारखं. "बरं झालं बाई," तो म्हणाला, "न्हाई कळालं तिला." मग किटली उचलून, भिंतीला वळसा घालून तो पुढं गेला. जाता जाता ओरडला, "खुंट्याकडं नीट टाक!"

लागूनच्या घरात सखुआत्याच्या खिडकीची फळी किलकिली झाली आणि मिटली.

पुढच्या तासाला पुनम नवा निबंध घेऊन उभी राहिली. त्यात धुकं नव्हतं, वारा नव्हता, कोणी न ऐकलेला आवाजही नव्हता. नळ होता, वळलेला रस्ता होता, संक्रांतीचं वाण होतं. सरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. निबंध त्यांना आवडला होता हे दिसत होतं, पण मास्तर तो मास्तर.

"सगळं छान. पण मी एक विचारून यायला सांगितलं होतं. त्या बाईचं झालं काय?"

पुनमला भर उन्हातला घामानं डबडबलेला म्हातारा दिसला, आणि त्याच्यासमोर बाजारातून रडून आलेली पोर.

"म्हैस व्याली नाही अजून, सर," ती म्हणाली.

वर्गात कोणी हसलं नाही. मागच्या बाकावरून विकासनं विचारलं, "व्याली की दूध किती देईल?"

"आल्यावर बघू," पुनम म्हणाली, आणि खाली बसली.